नकाशावरील पहिले चित्र

गेल्या वर्षी गणेशचतुर्थीच्या सुटीसाठी नववीच्या मुलांना मी एक छोटासा उपक्रम नेमून दिला होता. प्रत्येकाने आपल्या आजोळच्या गावाचा दोन पाने परिचय लिहावा आणि सोबत गावाचे एक छायाचित्र चिकटवावे, एवढेच काम. परिचय लिहिताना पुष्कळांना घाम फुटला. छायाचित्राच्या बाबतीत मात्र जवळजवळ सर्वांनी एकच सोपी युक्ती योजिली. वडिलांच्या मोबाईलवर नकाशा उघडावयाचा, गावाचे नाव टाकावयाचे आणि जे चित्र सर्वांत वर येईल ते छापून आणावयाचे.

ह्या वर्गातील एका मुलीचे आजोळ कुर्डी. सांगे तालुक्यातील हे गाव वाचकांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल. थोर गायिका मोगूबाई कुर्डीकर ह्यांचे हे गाव. साळावली धरण झाले तेव्हा, १९८६ च्या सुमारास, ते पाण्याखाली गेले आणि तेथील कुटुंबांना दुसरीकडे वसविण्यात आले. उन्हाळ्यात धरणाचे पाणी ओसरले म्हणजे मे महिन्यात काही दिवस गाव पुन्हा उघडे पडते. त्या दिवसांत जुने गावकरी परत येतात. सोमेश्वराच्या देवळात उत्सव होतो, ख्रिस्ती मंडळी आपल्या कपेलापाशी फेस्त साजरे करतात. पावसाळा आला की पुन्हा सर्वत्र पाणीच पाणी.

नकाशाने ह्या मुलीला जे पहिले चित्र दिले, त्यात तडे गेलेली कोरडी भुई होती, घरांची उघडी जोती होती आणि एक निष्पर्ण खोड होते. चित्र सुरेख होते, ह्यात संशय नाही. वहीत चिकटविण्यापूर्वी मुलीने ते आजीला दाखविले. आजीने ते दूर धरून पाहिले, जवळ धरून पाहिले, आणि म्हणाली, “हो आमचो गांव न्हय. हीं ताचीं हाडां.”

सुटी संपल्यावर मुलीने मला विचारले, “बाई, हेच चित्र पहिले आहे असे कोणी ठरविले?”

मला त्या दिवशी उत्तर देता आले नाही. नंतर मिळेल तेथून मी ह्या विषयाची माहिती जमविली. ती आमच्या विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या घरच्या मंडळींना उपयोगी पडेल, असे वाटल्यावरून येथे देत आहे.

चित्र निवडण्याचे काम आपल्याला अपरिचित नाही. प्रस्तुत वार्षिकाच्या मुखपृष्ठासाठी दर वर्षी शिक्षकांची समिती बसते. पंधरा-वीस चित्रे पुढे येतात. एखादे अंधुक म्हणून बाजूला पडते, एखाद्यात कोणा विद्यार्थ्याचे डोळे मिटलेले असतात, एखादे मागच्या वर्षीच्यासारखेच दिसते. अखेरीस बहुधा इमारतीचे समोरून घेतलेले चित्रच निवडले जाते, आणि मग मुले आपापसांत कुरकुर करतात. पण ती कुरकूर कोणाकडे न्यावयाची हे तरी त्यांना ठाऊक असते. नकाशाच्या समितीचे दार कोठे ठोठवावयाचे?

आरंभी तेथेही माणसांचीच समिती होती. २००५ साली स्पेनमधील ख्वाकीन क्वेंका आणि एदुआर्दो मांचोन ह्या दोघांनी पॅनोरामिओ नावाचे एक संकेतस्थळ काढले. कोणीही आपण टिपलेले चित्र तेथे द्यावे आणि ते पृथ्वीवर नेमके कोठे टिपले ते नकाशावर दाखवावे, अशी ती योजना होती. २००७ साली गूगल कंपनीने ते विकत घेतले. पॅनोरामिओवरील निवडक चित्रे ‘गूगल अर्थ’ ह्या पृथ्वीच्या नकाशावर झळकू लागली, आणि त्या निवडीसाठी नियमांची एक यादी होती. चित्र उघड्यावरचे हवे. घराच्या आतले नको. माणूस, जनावर, मोटार किंवा जवळून घेतलेले फूल हा चित्राचा मुख्य विषय नको. समारंभ आणि मिरवणुकाही नकोत. चित्राने स्थळ दाखवावे, तेथे घडलेली गोष्ट दाखवू नये, हे त्यामागील तत्त्व.

तत्त्व म्हणून ते समजण्यासारखे आहे. पण आपल्याकडील गावांना ते लावून पाहिले म्हणजे मोठी मौज होते. जत्रेवाचून आपले देऊळ, बाजाराच्या दिवसावाचून आपला तिठा आणि नांगरणाऱ्या गड्यावाचून आपले शेत, एवढे वगळल्यावर उरते ते स्थळ. पॅनोरामिओ २०१६ साली बंद झाले. परंतु रिकाम्या जागेलाच स्थळ समजण्याची ती खोड नकाशांच्या जगातून अगदी नाहीशी झाली आहे, असे मला वाटत नाही.

आज चित्रांची संख्या इतकी प्रचंड झाली आहे की माणसांच्या समितीला ती पाहणे अशक्य आहे. गूगलने प्रसिद्ध केलेल्या आकड्यांप्रमाणे २०२२ ह्या एकाच वर्षात नकाशावरील वीस कोटींहून अधिक छायाचित्रे अंधुक, हलक्या प्रतीची किंवा नियमबाह्य म्हणून रोखली गेली वा काढून टाकली गेली. ही नाकारलेली चित्रे, स्वीकारलेली निराळीच. म्हणून पहिली चाळणी यंत्राच्या हाती आहे, आणि अडलेल्या किंवा तक्रार आलेल्या बाबींसाठी माणसे ठेवलेली आहेत. निवडीचे सर्व नियम कोणतीही नकाशासेवा जाहीर करीत नाही. ते जाहीर केले तर लबाड दुकानदार दुसऱ्या दिवशी त्यांना बगल देतील. तरीसुद्धा कंपन्यांच्या मार्गदर्शिका आणि त्यांच्या अभियंत्यांनी प्रसिद्ध केलेले लेख ह्यांवरून ह्या यंत्राचा स्वभाव बराचसा ओळखता येतो.

यंत्राचा पहिला प्रश्न साधा आहे: हे चित्र कोठले?

मोबाईलने चित्र टिपताच त्या चित्राच्या पोटात एक चिठ्ठी लिहिली जाते. तिच्यात दिवस, वेळ, कॅमेऱ्याचा प्रकार आणि, मुभा दिलेली असल्यास, जागेचे अक्षांश-रेखांश असतात. ह्या चिठ्ठीला ‘एक्झिफ’ म्हणतात. तिची पद्धत १९९५ साली जपानमध्ये ठरविली गेली. अक्षांश-रेखांश उपग्रहांकडून येणाऱ्या संकेतांवरून काढले जातात आणि मोकळ्या आकाशाखाली ते काही मीटरांपर्यंत बिनचूक असतात. त्यावरून यंत्र तुम्हाला सुचविते, “आपण अमुक देवळापाशी होता ना? तेथील चित्र द्यावयाचे आहे का?” तुम्ही होय म्हटले की चित्र त्या देवळाच्या खात्यावर जमा होते. (व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठविलेल्या चित्रातील ही जागेची नोंद वाटेत गळून पडते. म्हणून मामाने पाठविलेले चित्र नकाशावर देऊ लागलात तर यंत्राला ते कोठले हे कळत नाही. जागा हाताने निवडावी लागते. उलटपक्षी, घरच्या अंगणात टिपलेले मूळ चित्र कोणा अनोळखी माणसाला देताना आपण आपल्या घराचा पत्ताही देत असतो, हे मुलांनी ध्यानात ठेवलेले बरे.)

जागेचा हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही, ह्याचे उदाहरण कुर्डीनेच दिले आहे. कुर्डीत कदंबकालीन महादेवाचे एक प्राचीन देऊळ होते. गाव बुडणार असे ठरल्यावर त्या देवळाचे दगड उतरवून ते साळावली धरणाजवळ नेण्यात आले आणि तेथे देऊळ पुन्हा उभे करण्यात आले. आज ते तेथे पाहावयास मिळते. आता कोणाच्या जुन्या पेटीत ह्या देवळाचे मूळ जागेवरील चित्र सापडले आणि त्याने ते नकाशावर द्यावयाचे ठरविले, तर ते कोठे चिकटवावे? दगड तेच, देव तोच, आणि जागा मात्र दुसरी. यंत्रापाशी एका स्थळाला एक बिंदू असतो. स्थलांतर केलेल्या देवासाठी त्याच्या वहीत रकाना नाही.

दुसरा प्रश्न: चित्र स्वच्छ आहे का? येथे यंत्र कसे पाहते हे समजून घेणे मनोरंजक आहे. आपण चित्र पाहतो. यंत्र आकड्यांचे एक मोठे कोष्टक पाहते. चित्र लक्षावधी बारीक ठिपक्यांचे बनलेले असते आणि प्रत्येक ठिपक्यासाठी तांबडा, हिरवा व निळा ह्या रंगांचे तीन आकडे असतात, प्रत्येक शून्यापासून २५५ पर्यंत. पांढऱ्या भिंतीवर काळी चौकट असेल आणि चित्र रेखीव असेल, तर चौकटीच्या कडेशी आकडे एकदम उडी घेतात: २३०, २२८, २२९, आणि लगेच २०, १८. हात हलला असेल तर तेच आकडे जिन्याने उतरल्यासारखे येतात: २३०, १९०, १४०, ९०, ४०, १८. अशा उड्या किती आणि केवढ्या, हे मोजले की चित्र रेखीव की अंधुक हे माणसावाचून कळते. सर्व आकडे शून्याच्या आसपास असतील तर चित्र काळोखे, सर्व २५५ च्या आसपास असतील तर उन्हाने करपलेले. हे गणित पाचवीतला मुलगाही करील. यंत्राचे वैशिष्ट्य एवढेच की ते क्षणार्धात लक्षावधी वेळा करते.

नियमांची तपासणीही ह्याच टप्प्यावर होते. गूगलच्या मार्गदर्शिकेप्रमाणे चित्र स्वतः त्या जागी टिपलेले असावे; दुसऱ्याचे उचललेले, मोबाईलच्या पडद्याची प्रत काढलेले किंवा वर मोठाली अक्षरे छापून जाहिरात केलेले नसावे. दुकानदाराने स्वतःच्या दुकानाचे चित्र देताना ते निदान ७२० गुणिले ७२० ठिपक्यांचे असावे, अशी शिफारस आहे. ह्या चाळणीतून जे खाली पडते त्याबद्दल फारसा वाद होण्याचे कारण नाही.

खरा वाद पुढच्या प्रश्नाशी आहे: चित्र चांगले आहे का? स्वच्छ असणे मोजता येते. चांगले असणे कसे मोजावयाचे?

ह्यासाठी यंत्राला शिकविले जाते, आणि शिकविण्याची रीत शाळेतल्यासारखीच आहे. पुष्कळ उदाहरणे पुढे ठेवावयाची, प्रत्येकाचे बरोबर उत्तर सांगावयाचे आणि यंत्राने स्वतः त्यातील सूत्र शोधावे अशी अपेक्षा करावयाची. ह्या शिकणाऱ्या रचनेला मज्जातंतूंच्या जाळ्यावरून नाव मिळाले आहे. तिचे पहिले थर केवळ कडा आणि रंगांचे डाग ओळखतात, पुढचे थर वर्तुळे, कोपरे, पोत ओळखतात, आणि त्यापुढचे थर ताट, खिडकी, चेहरा, झाड. २०१२ नंतर ह्या विद्येने फार झपाट्याने प्रगती केली.

पण बरोबर उत्तर कोण देणार? २०१७ साली गूगलच्या संशोधकांनी आपल्या एका पद्धतीची माहिती प्रसिद्ध केली. छायाचित्रकारांच्या स्पर्धांमधून जमविलेली सुमारे अडीच लाख चित्रे त्यांनी वापरली. प्रत्येक चित्राला सरासरीने दोनशे माणसांनी एक ते दहा असे गुण दिलेले होते. संशोधकांची हुशारी अशी की त्यांनी यंत्राला नुसती सरासरी शिकविली नाही. गुणांची विभागणी शिकविली. समजा, एका चित्राला सर्वांनीच पाच गुण दिले, आणि दुसऱ्याला निम्म्या लोकांनी एक व निम्म्यांनी नऊ दिले. सरासरी दोन्हींची पाचच. पण पहिले चित्र सामान्य आहे आणि दुसरे भांडण लावणारे आहे. परीक्षेचे पेपर तपासणाऱ्याला हा भेद चांगला कळतो.

अमेरिकेतील उपाहारगृहे व दुकाने ह्यांची माहिती देणारी येल्प ही सेवा २००४ पासून चालू आहे. तिच्या अभियंत्यांनी २०१६ साली अधिकच चतुर तोड काढली. दोनशे माणसांकडून गुण घेणे खर्चाचे काम. त्यांनी चित्राच्या पोटातील ती एक्झिफ चिठ्ठी वाचली आणि कॅमेरा कोणता ते पाहिले. ज्याच्यापाशी मोठ्या भिंगाचा महागडा कॅमेरा आहे तो बहुधा हौशी आणि काळजीपूर्वक चित्र काढणारा असतो. म्हणून अशा कॅमेऱ्याची चित्रे ‘चांगली’ आणि बाकीची ‘साधारण’ असे धरून त्यांनी यंत्राला शिकविले. युक्ती लागू पडली. यंत्र चिठ्ठी न पाहताही चित्रांना गुण देऊ लागले, आणि त्या गुणांवरून उपाहारगृहाच्या पानावर आरंभी कोणती चित्रे दाखवावयाची ते ठरू लागले.

येथे क्षणभर थांबून विचार करावा. मोठ्या भिंगाच्या कॅमेऱ्याची एक खूण असते: पुढची वस्तू ठसठशीत आणि मागचे सारे मऊ, पुसट. ताटातील मासा चकाकतो, ताटामागील माणसे धुक्यात जातात. असे चित्र देखणे दिसते, हे कोण नाकारील? परंतु यंत्र ‘सुंदर’ म्हणून जे शिकले त्यात महागड्या भिंगाची सवयही मिसळून गेली. आमच्या बाजारातील एखादी काळवंडलेली खानावळ घ्या. एकच दिवा, भिंतीवर धुराची पुटे, चार बाके, आणि चव अशी की दहा मैलांवरून लोक यावेत. तिचे इमानी चित्र यंत्रापुढे ठेवले तर आकडे कमी, उड्या थोड्या, काळोख फार. गुण साहजिकच कमी पडणार. शेजारच्या नव्या हॉटेलातील निळ्या सरबताचा पेला मात्र प्रथम वर्गात उत्तीर्ण होईल. यंत्र पक्षपाती आहे असे मी म्हणत नाही. त्याला जे शिकविले ते त्याने प्रामाणिकपणे पाठ केले आहे.

ह्यानंतरच्या गोष्टी थोडक्यात सांगता येतील. एकाच देवळाच्या दीपस्तंभाची पन्नास चित्रे उत्तम असली तरी पन्नासही वर दाखविण्यात अर्थ नाही. म्हणून यंत्र सारखी दिसणारी चित्रे ओळखते आणि वेगवेगळ्या प्रकारची निवडते. येल्पने उपाहारगृहांच्या चित्रांचे अन्न, पेय, आतील भाग, बाहेरील भाग आणि पदार्थांची यादी असे वर्ग पाडले होते. गूगलच्या नकाशावरही चित्रांची अशीच वर्गवारी दिसते, आणि २०१९ पासून लोकांच्या अभिप्रायांवरून व चित्रांवरून उपाहारगृहातील लोकप्रिय पदार्थ शोधून दाखविण्याची सोय तेथे आहे. दुकानाच्या मालकाला आपल्या पसंतीचे दर्शनी चित्र सुचविता येते. मात्र तेच पहिले दिसेल अशी हमी गूगल देत नाही. मालकाला ह्याचे वाईट वाटते. पण प्रत्येक मालकाला आपले दुकान भरलेले आणि रंगविलेले दाखवावयाचे असते, हेही खरे.

गावाला तर मालकच नसतो. देवळाला देवस्थान समिती आहे, शाळेला मुख्याध्यापक आहेत. नदीच्या घाटाला, पारावरच्या पिंपळाला, बुडालेल्या गावाला कोण आहे? त्यांचे चित्र सर्वस्वी येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या हाती. आणि येणारा-जाणारा कोण, ह्यावर पुष्कळच अवलंबून राहते.

गूगलने २०१५ साली ‘लोकल गाइड’ नावाची योजना सुरू केली. नकाशावर एक चित्र दिले की पाच गुण, एक अभिप्राय लिहिला की दहा गुण, अशा रीतीने गुण साठवीत दहा पायऱ्या चढावयाच्या. सर्वांत वरच्या पायरीसाठी एक लाख गुण लागतात. ह्या योजनेमुळे पुष्कळ उपयुक्त माहिती जमा झाली, हे मान्य केले पाहिजे. रात्री कोणते औषधाचे दुकान उघडे असते, कोणत्या कचेरीला जिना चढावा लागतो, हे अशाच हौशी लोकांनी सांगितले आहे. त्याचबरोबर, दुपारच्या एका फेरीत साठ चित्रे टिपून गुण मिळविणारेही निपजले. त्यांच्या गाडीच्या वाटेवर जी गावे लागतात ती नकाशावर सचित्र होतात. वाटेपासून तीन मैल आत असलेले गाव राखाडी ठिपकाच राहते. गोव्याचा नकाशा उघडून समुद्रकिनाऱ्यावरील एखादे गाव आणि सांगे-सत्तरीकडील एखादे गाव अशी दोन पाहावीत. एकाची चित्रे पाहता पाहता अंगठा दुखेल, दुसऱ्याची एका दमात संपतील.

आणि एकदा वर चढलेले चित्र सहसा खाली येत नाही. ज्याने चित्र दिले त्याला ते किती जणांनी पाहिले हे नकाशासेवा कळविते. म्हणजे मोजणी सतत चालू आहे. जे पहिले आहे ते सर्वांत अधिक पाहिले जाते, आणि जे अधिक पाहिले गेले ते लोकांना आवडते, असा समज होतो. वाचनालयातील दर्शनी फळीवरच्या पुस्तकासारखे हे आहे. पाने झिजली म्हणून ते चांगले ठरते आणि चांगले ठरले म्हणून आणखी झिजते; मागच्या फळीवरचे पुस्तक मात्र कोरेच राहते.

आता पुन्हा कुर्डीकडे वळू. वर्षाचे अकरा महिने, कमी-अधिक दिवस सोडून, कुर्डी म्हणजे पाणी. एक महिना कुर्डी म्हणजे भुई. पण कॅमेरे घेऊन माणसे जातात ती त्या एकाच महिन्यात. भर पावसात सपाट पाण्याचे चित्र काढावयास कोण जाईल? म्हणून नकाशाच्या पेटीत मे महिन्याची चित्रे ढिगाने पडतात आणि बाकीच्या महिन्यांची तुरळक. त्यातून भेगाळलेली भुई आणि एकाकी खोड हा विषय असा की आकडे जागोजागी उड्या मारतात, प्रकाश भरपूर असतो, मध्यभागी एक ठळक वस्तू असते. यंत्राला जे जे आवडावयास शिकविले आहे ते सर्व त्यात आहे. हे चित्र वर आले नसते तरच नवल!

दूधसागराचेही असेच, पण उलट दिशेने. पावसाळ्यात तीनशे मीटरांवरून फेसाळत कोसळणाऱ्या त्या धबधब्यासमोरून आगगाडी जाते आणि प्रत्येक खिडकीतून हात बाहेर येतात. ते चित्र पाहून एखादे कुटुंब एप्रिलात तेथे गेले, तर काळ्या खडकावरून ओघळणारी एक बारीकशी धार पाहून त्याची निराशा होईल. चित्र खोटे नाही. चित्राचा महिना मात्र चित्रावर ठळक लिहिलेला नसतो. एखाद्या चित्राखाली तो बारीक अक्षरांत असला तरी वाचतो कोण? यंत्रापाशी चित्र किती जुने ह्याची नोंद असते, अलीकडची चित्रे वेगळी पाहावयाची सोयही काही ठिकाणी आहे. पण आजचा ऋतू ओळखून पहिले चित्र बदलणारा नकाशा अजून माझ्या पाहण्यात आलेला नाही.

मी हे सर्व वर्गात सांगितले तेव्हा मुलांनी विचारले की मग आपण काय करावयाचे. मी म्हणाले की यंत्र पेटीत असलेल्या चित्रांतूनच निवडू शकते. जे कोणी टाकलेच नाही ते त्याने कोठून काढावे?

नाताळच्या सुटीत त्या मुलीला तिच्या मामाने धरणाच्या काठावर नेले. तिने एकच चित्र टिपले. समोर पाणी, पलीकडे डोंगरांची हिरवी रांग, वर थोडे ढग. माणूस नाही, पक्षी नाही, खोडदेखील नाही. जागेची नोंद बरोबर होती, हात हलला नव्हता, म्हणून चित्र चाळणीतून सुखरूप पार पडले आणि कुर्डीच्या नावावर जमा झाले. त्याखाली तिने लिहिले, “डिसेंबर महिन्यातील कुर्डी.” मार्चमध्ये मी पाहिले तेव्हा भेगाळलेली भुई पहिल्या जागी जशीच्या तशी होती, आणि हे चित्र बरेच खाली, अंगठ्याने पुष्कळ ढकलत गेल्यावर सापडत होते. ते किती जणांनी पाहिले हे मुलीने मला सांगितले. आकडा लहान होता.

त्यांतली एक तिची आजी. मुलीने मोबाईल पुढे धरला तेव्हा आजीने चष्मा लावला आणि बराच वेळ त्या पाण्याकडे पाहिले. मग चित्राच्या डाव्या अंगाला, डोंगराची रांग जेथे किंचित खाली उतरते त्याच्या बरोबर खाली, पाण्यावर बोट ठेवून ती म्हणाली, “हांगा आमचें घर.” बोट लागताच चित्र मोठे झाले आणि पडद्यावर नुसते पाणी उरले, तरी तिने बोट उचलले नाही.